आई-बाबांना शिकागो दाखवायचं आहे : तीन दिवसांत काय पाहावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई-बाबा साताऱ्याहून तुमच्याकडे इंडियानापोलिसला येणार आणि त्यातले तीन दिवस तुम्ही त्यांना शिकागो दाखवणार. बाबा 71 वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आईंची मागणी एकच : विवेकानंदांनी भाषण केलं ती जागा पाहायची. तुम्ही 17 ठिकाणांची यादी दिली आहे आणि विचारलं आहे, हे सगळं तीन दिवसांत बसेल का, पाच ठिकाणांचा एकत्रित पास घ्यावा का, आणि उंचावरून शहर पाहायचं तर सिअर्स टॉवर की हॅनकॉक?

आधी थोडक्यात सांगते. सगळं बसणार नाही. पास घेऊ नका. टॉवरबद्दल पुढे लिहिते, कारण त्याचं उत्तर आभाळावर अवलंबून आहे.

मी गेली 19 वर्षं शिकागोत पर्यटकांना फिरवण्याचं काम करते आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मंडळी मुलांकडे आलेले आई-वडील असतात. तुमच्या यादीत एकही ठिकाण वाईट नाही, पण ती यादी तुमच्या वयाच्या माणसाची आहे. आई-बाबांना दोन गोष्टी आड येतात. एक गुडघा, हे तुम्ही ओळखलंच आहे. दुसरी भाषा. इथले माहिती सांगणारे लोक फार छान सांगतात, पण भरभर आणि अमेरिकन उच्चारात. आपली माणसं मान डोलावतात, ‘छान, छान’ म्हणतात आणि रात्री हॉटेलवर विचारतात, ‘ती मक्याच्या कणसासारखी इमारत कसली होती रे?’ म्हणजे सांगायचं काम तुम्हालाच करावं लागणार. म्हणून काय दाखवायचं याच्याबरोबर काय सांगायचं हेही लिहिते आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

गुडघ्याचं आधी. बाबा किती चालू शकतात यापेक्षा ते किती वेळ उभे राहू शकतात हे पाहा. शिकागोचे फुटपाथ रुंद आणि सपाट आहेत, चालणं सोपं जातं. दमवते ती रांग. तिकिटाची रांग, सुरक्षा तपासणीची रांग, लिफ्टची रांग. ऑपरेशन झालेला गुडघा 20 मिनिटांच्या चालण्याने कुरकुरत नाही, 20 मिनिटं एका जागी उभं राहिल्यावर मात्र सुजतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता दिवस आखताना रांगा मोजते, मैल मोजत नाही. बाबा आल्यावर तुमच्या गावातल्या एखाद्या मॉलमध्ये हे तपासून घ्या आणि त्याप्रमाणे माझ्या आराखड्यातून अजून एखादं ठिकाण कमी करा.

पहिल्या दिवशी सकाळी सातला निघालात तर तीन तासांत पोहोचाल आणि इथलं घड्याळ तासभर मागे असल्याने नऊच वाजलेले असतील. गाडी डाउनटाउनमध्ये एकदाच लावा आणि तिसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. मिलेनियम पार्कच्या खालीच मोठं पार्किंग आहे. महाग पडतं, पण दर वेळी जागा शोधत फिरण्यापेक्षा बरं.

सुरुवात नदीतल्या बोटीने करा. इमारतींची माहिती सांगणाऱ्या बोटी साधारण दीड तास फिरवतात. बहुतेक लोक आधी टॉवरवर चढतात आणि वेळ उरला तर बोटीत बसतात. मी उलट करते. बोटीत माणूस बसलेला असतो आणि शहर त्याच्यासमोरून जातं. दीड तासात तीस-चाळीस महत्त्वाच्या इमारती पायाला त्रास न देता पाहून होतात आणि शहराचा नकाशा डोक्यात बसतो. एकच सावधगिरी घ्या : नदीकाठ रस्त्यापेक्षा मजलाभर खाली आहे. तिकीट काढताना लिफ्ट किंवा उतरता रस्ता कुठून आहे ते विचारून घ्या, आणि बाबांना बोटीच्या खालच्या डेकवर काठाशी बसवा.

आता बाबांना सांगायची गोष्ट. ती नदीचीच आहे आणि पाटबंधारे खात्यातल्या माणसाला ती जितकी भिडेल तितकी दुसऱ्या कुणाला भिडणार नाही.

हे शहर दलदलीवर वसलं. जमीन लेक मिशिगन या तळ्याच्या पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम वर, त्यामुळे गटारांना उतारच मिळेना. मग 1850 आणि 60 च्या दशकांत शिकागोने रस्तेच काही फूट वर उचलले आणि जुन्या इमारती त्या पातळीला आणण्यासाठी त्यांच्या पायाखाली शेकडो स्क्रू जॅक लावून, माणसांनी एकाच इशाऱ्यावर थोडेथोडे फिरवून त्या वर घेतल्या. ट्रेमाँट हाउस हे विटांचं मोठं हॉटेल असंच उचललं गेलं, आत पाहुणे राहत असताना.

गटारं झाली, पण ती नदीत उतरत होती, नदी लेक मिशिगनमध्ये जात होती आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून येत होतं. टायफॉईड आणि कॉलऱ्याने माणसं मरत. शेवटी शहराने नदीचा प्रवाह उलटा फिरवायचं ठरवलं. शिकागोच्या पश्चिमेला एक अगदी बुटका जलविभाजक आहे, त्याच्या पलीकडचं पाणी मिसिसिपीच्या खोऱ्यात जातं. तो फोडून 28 मैलांचा कालवा खणला. 2 जानेवारी 1900 ला सकाळी गाजावाजा न करता त्यात पाणी सोडलं. घाई अशासाठी की खालच्या अंगाला असलेलं मिसूरी राज्य कोर्टातून मनाई आणेल अशी भीती होती. मिसूरी खरंच कोर्टात गेलं, सहा वर्षं भांडलं आणि 1906 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. तेव्हापासून नदी तळ्यात न जाता तळ्याकडून आत वाहते आणि तिचं पाणी मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखाताला मिळतं.

हे बाबांना सांगताना कोयनेची आठवण करून द्या. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचं. आपण ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरवलं, वीज काढली आणि अवजल वाशिष्ठीत सोडलं, म्हणजे ते अरबी समुद्राला गेलं. तिथे वीज हवी होती, इथे सांडपाणी लांब न्यायचं होतं. पण पाण्याला त्याच्या मूळ वाटेवरून वळवून दुसऱ्या खोऱ्यात घालायचा विचार तोच. आणि खालच्या राज्याशी पाण्यावरून भांडण म्हणजे काय, हे ज्यांनी नोकरीभर कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाच्या चर्चा ऐकल्या त्यांना समजावून सांगायची गरज नाही. कऱ्हाडकडचे एक निवृत्त शाखा अभियंता माझ्याबरोबर आले होते. बोटीत पहिली दहा मिनिटं ते फोनमध्ये होते. हे ऐकलं आणि उरलेली सव्वा तास इमारतींकडे पाठ करून पाण्याकडे बघत बसले. उताराचा हिशेब विचारत होते.

बोटीतून दिसणाऱ्या बाकी गोष्टींतल्या तीन सांगा, पुरे. मरिना सिटीचे जुळे मनोरे, म्हणजे ती मक्याची कणसं : खालचे 19 मजले नुसत्या गाड्यांचे आणि वर घरं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लोक शहर सोडून उपनगरांकडे निघाले असताना, नदीकाठी राहता येतं हे दाखवण्यासाठी बर्ट्रंड गोल्डबर्गने ते बांधले. ट्रिब्यून टॉवर : याच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे तुकडे बसवले आहेत आणि त्यात ताजमहालाचाही एक आहे. बोटीतून तो दिसत नाही, उतरल्यावर पुलाच्या उत्तरेला पाच मिनिटांवर आहे. आईंना तो हाताने दाखवा. आणि क्लार्क आणि लासाल रस्त्यांच्या मधला नदीचा तुकडा. तिथे 24 जुलै 1915 ला ईस्टलँड नावाची बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली. सहलीला निघालेले कामगार आणि त्यांची कुटुंबं होती. 844 माणसं गेली, काठापासून काही फुटांवर. सगळे गाईड इथे थांबत नाहीत. तुम्ही सांगा. चकचकीत काचांच्या मध्ये ही जागा माहीत असावी असं मला वाटतं.

दुपारी हॉटेलवर जाऊन दोन तास झोपू द्या. यात तडजोड करू नका. तुमचे दोन तास गेले असं वाटेल, पण त्यामुळे संध्याकाळ मिळते.

आता टॉवर. सिअर्स टॉवरचं नाव 2009 पासून विलिस टॉवर आहे, हॅनकॉकचंही अधिकृत नाव आता तसं राहिलेलं नाही, पण गावातले लोक जुनीच नावं घेतात. दोन्हीकडे वर गॅलरी आहे : विलिसला 103 व्या मजल्यावर, हॅनकॉकला 94 व्या. विलिस उंच आहे, 110 मजले आणि 442 मीटर. 1998 पर्यंत साधारण पाव शतक ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. तिथे काचेच्या पेट्या भिंतीबाहेर काढल्या आहेत आणि त्यात उभं राहून पायाखाली थेट रस्ता दिसतो. फोटोसाठी सगळे तिथेच जातात आणि रांग त्याचीच असते.

माझं मत हॅनकॉकच्या बाजूने आहे. अजिंक्यताऱ्यावरून सातारा दिसतो, पण अजिंक्यतारा पाहायचा असेल तर खाली शहरातच उभं राहावं लागतं. तसंच विलिसवर चढलात तर विलिस दिसत नाही, आणि शिकागोच्या आकाशरेषेतून विलिस काढला की ती अपुरी वाटते. हॅनकॉक उत्तरेला, तळ्याला खेटून आहे. तिथून दक्षिणेला सगळे मनोरे एका गठ्ठ्यात दिसतात आणि किनाऱ्याचं वळण दिसतं. एवढं पाणी पाहून आई विचारतीलच, ‘हा समुद्र नाही?’ पलीकडचा काठ वरूनही सहसा दिसत नाही.

डाउनटाउनसमोरचा किनारा जवळजवळ मोकळा आहे हेही वरून दाखवा. 1836 मध्ये प्लॉट पाडणाऱ्या अधिकाऱ्यांनी नकाशावर लिहून ठेवलं होतं की ही जमीन कायम मोकळी राहील. पुढे शहरालाच ती भरून टाकायची घाई झाली, तेव्हा मॉन्टगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी 1890 पासून वीसेक वर्षं स्वतःच्या खर्चाने कोर्टात लढला. तो तेव्हा लोकांना नकोसा झाला होता. आज सगळं शहर त्याच्या हट्टावर संध्याकाळी फिरायला जातं. आपल्याकडच्या नदीकाठांचं आणि टेकड्यांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा चढतो.

हॅनकॉकपासून दोन-तीन चौक दक्षिणेला चुनखडीचा एक छोटा, किल्ल्याच्या बुरुजासारखा वॉटर टॉवर आहे, 1869 चा. 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री शहराला आग लागली. ती सुमारे दीड दिवस जळत राहिली, अंदाजे 300 माणसं गेली आणि लाखभर लोक बेघर झाले. आसपासचं सगळं जळालं, हा टॉवर उभा राहिला. ओलिअरी बाईंच्या गाईने कंदील लाथाडला आणि आग लागली, ही गोष्ट शिकागोत अजून सांगतात. ती खरी ठरलेली नाही आणि 1997 मध्ये शहराच्या कौन्सिलने त्या बाईंना आणि गाईला रीतसर दोषमुक्त केलं. उंच इमारती इथेच का उगवल्या याचं एक कारण या आगीतही आहे : मधलं शहर नव्याने बांधायचं होतं, जमिनीला भाव आला होता आणि देशभरातले तरुण वास्तुरचनाकार काम शोधत इथे आले होते.

वर कधी जायचं? ज्या दिवशी आभाळ मोकळं असेल त्या दिवशी, सूर्यास्ताच्या तासभर आधी. तिकीट महिनाभर आधी काढून ठेवू नका. एका वर्षी मी 11 जणांच्या गटाची तिकिटं आधी काढली होती. त्या दिवशी ढग खाली उतरले आणि आम्ही 40 मिनिटं चारी बाजूंनी पांढरं धुकं पाहून खाली आलो. त्यातल्या एक आजी पुन्हा कधी अमेरिकेत येणार नव्हत्या. ती चूक माझी होती आणि मी ती पुन्हा केलेली नाही. सकाळी हॉटेलच्या खिडकीतून टॉवरची टोकं दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर त्याच दिवशीचं तिकीट काढा.

विलिसला मात्र खालूनच एक चक्कर मारा. जॅक्सन आणि फ्रँकलिन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘फझलूर आर. खान वे’ अशी पाटी आहे. खान यांचा जन्म 1929 मध्ये ढाक्याला झाला, कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या कॉलेजात ते शिकले आणि 1952 मध्ये इलिनॉयला आले. हॅनकॉक आणि विलिस या दोन्ही इमारतींचा सांगाडा त्यांच्या डोक्यातून निघाला. इमारत जितकी उंच तितका वारा तिला वाकवतो, आणि त्यासाठी आत खांबांचं जंगल उभं केलं तर खर्च परवडत नाही. खान यांनी ताकद बाहेरच्या भिंतीत नेली. बांबू पोकळ असूनही ताठ उभा राहतो तसं. विलिसमध्ये अशा नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या आहेत, प्रत्येकीची बाजू 75 फूट. दोन 50 व्या मजल्यावर थांबतात, दोन 66 व्या, तीन 90 व्या आणि शेवटच्या दोन टोकापर्यंत जातात. बाबांच्या हातात नऊ पेन्सिलींची जुडी द्या आणि वर बोट दाखवा, लगेच कळेल. ही पाटी बाबांसाठी. आईंची पाटी दुसऱ्या दिवशी.

दुसरा दिवस आर्ट इन्स्टिट्यूटचा ठेवा, म्हणजे आईंचा. इथे जाण्याआधी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होतो : ते सभागृह आता नाही. ही इमारत 1893 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी परिषदांसाठी उभी राहिली. तिच्या मागच्या भागात त्या काळापुरती दोन मोठी सभागृहं केली होती, त्यातलं एक हॉल ऑफ कोलंबस. 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंद तिथे सर्वधर्म परिषदेत उभे राहिले. परिषदा संपल्यावर ती सभागृहं काढली, इमारत संग्रहालयाला मिळाली आणि त्या भागात 1898 मध्ये फुलर्टन हॉल झाला. तो व्याख्यानांपुरता उघडतो, पण सकाळी दारातल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारलंत तर बहुतेक वेळा निदान दारातून पाहू देतात. बाहेर मिशिगन अव्हेन्यूच्या त्या तुकड्याला ‘स्वामी विवेकानंद वे’ हे मानाचं नाव आहे, पाटी तपकिरी रंगाची. दोन कांस्य सिंहांच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहून शोधा.

आईंना अजून दोन धागे सांगा. विवेकानंद या प्रवासाला निघाले ते मुंबई बंदरातून, 31 मे 1893 ला. आणि त्या परिषदेत मुंबईहून आलेले बी. बी. नागरकरही बोलले होते, ब्राह्मो समाजाच्या बाजूने. त्यांचं नाव आज कुणाला आठवत नाही, म्हणून मी प्रत्येक मराठी गटाला ते मुद्दाम सांगते. 2010 मध्ये मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी विवेकानंदांच्या भाषणाचे शब्द इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी लिहिले होते. अमेरिकेत दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याचे जे पाच रंग ठरवले होते, त्याच रंगांत. सहिष्णुतेचं भाषण 1893 च्या 11 सप्टेंबरचं आणि न्यूयॉर्कचे मनोरे पडले ते 2001 च्या 11 सप्टेंबरला. मी तेव्हा एका साठीच्या बाईंना घेऊन तो जिना चढले. त्या प्रत्येक पायरीवर थांबून वाचत होत्या, वर पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला.

संग्रहालय प्रचंड आहे, पुरं पाहायचा विचार सोडा. फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्युरा याचं ठिपक्यांनी रंगवलेलं रविवारच्या दुपारचं चित्र, हॉपरचं रात्रीच्या उपाहारगृहाचं चित्र, ग्रँट वुडच्या ‘अमेरिकन गॉथिक’मधले दाताळं धरलेला शेतकरी आणि शेजारची बाई, आणि भारतीय शिल्पांचं दालन, एवढंच. दीड-दोन तास खूप झाले. सुट्टीचे वार बदलत असतात, ते आधी बघून घ्या.

इथेच व्हीलचेअरचा विषय काढते. संग्रहालयात ती विनाशुल्क मिळते. बाबा म्हणतील, ‘मी काय म्हातारा झालो?’ माझ्याकडे येणाऱ्या दहा वडिलांपैकी आठ असंच म्हणतात. ‘तुम्हाला त्रास होईल’ असं सांगून उपयोग होत नाही, त्यांचा मान दुखावतो. मी खुर्ची घेते, त्यात आधी सगळ्यांच्या पिशव्या आणि जॅकेटं ठेवते आणि ढकलत चालते. तिसऱ्या दालनापर्यंत ते स्वतःच म्हणतात, ‘जरा टेकतो.’ त्यानंतर कुणी काही बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. आईंनाही हे आधी सांगून ठेवा.

बाहेर पडलात की उत्तरेला मिलेनियम पार्क लागूनच आहे. रेल्वे यार्ड आणि पार्किंगच्या डोक्यावर बांधलेली ही बाग 2004 मध्ये उघडली. अनिश कपूर यांचं चकचकीत ‘क्लाउड गेट’ इथे आहे, सगळे त्याला बीन म्हणतात, आणि आपणही घेवड्याचा दाणा म्हणायला हरकत नाही. कपूर मुंबईत जन्मले. पोलादाचे 168 पत्रे जोडून सांधे इतके घासले आहेत की नखाला लागत नाहीत. भर दुपारी तिथे जत्रा असते. तुमचं हॉटेल जवळ असेल तर सकाळी आठच्या आधी जा, त्यात सगळं शहर आणि तुम्ही तिघं एवढेच दिसाल. दुपारी त्याऐवजी समोरच्या कल्चरल सेंटरमध्ये शिरा. 1897 ची जुनी सार्वजनिक लायब्ररी आहे, प्रवेश विनामूल्य, बसायला जागा, स्वच्छ स्वच्छतागृहं आणि वर रंगीत काचेचा 38 फूट व्यासाचा टिफनी घुमट. इतक्या सुंदर ठिकाणी रांग नाही, हे मला अजून नवल वाटतं.

अंगात बळ असेल तर पाच मिनिटांच्या टॅक्सीवर मोनॅडनॉक इमारत आहे, 1891 ची, 16 मजली, नुसत्या विटांच्या भारावर उभी. तळाला भिंत सहा फूट जाड आहे. बाबांना दारातल्या कोनाड्यात हात घालून जाडी मोजू द्या आणि मग वर विलिसकडे पाहायला सांगा. रात्री बकिंगहॅम कारंजं, 1927 चं, दर तासाला उसळतं. वारा तळ्याकडून येतो, सप्टेंबरातही बाबांना कानटोपी लागेल.

तिसऱ्या दिवशी डाउनटाउन सोडा. गाडी काढून उत्तरेला विल्मेटच्या बहाई मंदिरात जा. दिल्लीचं कमळ मंदिर ज्यांचं त्यांचंच हे, नऊ बाजूंचं, दगडी जाळीसारख्या कोरीव घुमटाचं, 1953 मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. आत शांतता आणि बाक. परतताना डेव्हॉन अव्हेन्यूवर जेवा, तिथल्या एका तुकड्याला गांधी मार्ग नाव आहे. दोन दिवस पिझ्झा झालेला असतो, वरण-भात समोर आला की चेहरे बदलतात. (शिकागोचा जाड पिझ्झा भाजायला पाऊण तास लागतो. भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या, आणि तिघांत सर्वांत लहान आकाराचा घ्या.) निघताना एडलर तारांगणाच्या टोकाशी गाडी थांबवा. आत जाऊ नका. तिथल्या कठड्यावर बसलं की डावीकडून उजवीकडे सगळं शहर पाण्यावर उभं दिसतं, आणि तोपर्यंत बाबा बोट दाखवून विलिस, हॅनकॉक स्वतः ओळखू लागलेले असतात.

म्हणजे बोट, एक टॉवर, एक संग्रहालय, एक मंदिर आणि बाकी मोकळी जागा. नेव्ही पिअर, मत्स्यालय, डायनोसॉरचं फील्ड म्युझियम, पाणबुडी असलेलं विज्ञान संग्रहालय मी तुमच्या यादीतून काढलं. त्यातली फील्ड आणि पाणबुडी फार चांगली आहेत, तुम्ही मित्रांबरोबर वेगळे या. पासचं उत्तर यातच आलं. पाच ठिकाणांचे पैसे भरून तुम्ही त्यातल्या दोनांत जाणार आणि उरलेल्या तिकिटांच्या काळजीने बाबांना ओढत नेणार. पास घेतलेली कुटुंबं संध्याकाळी भांडताना मी पाहिली आहेत. सुटी तिकिटं काढा.

आणि दुसरा दिवस जमल्यास 11 सप्टेंबरला येईल असं पाहा. त्या दिवशी संग्रहालय उघडं असेल तर तीन दिवस त्याभोवती बसवा. बोटीची तिकिटं मात्र आत्ताच काढा, सकाळच्या फेऱ्या लवकर भरतात, आणि तिकिटावरची वेळ शिकागोच्या घड्याळाची आहे हे फोनमध्ये लिहून ठेवा.